तानाबाईचं कार्ड

बोंडअळीच्या वर्षी आर्णीजवळच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाचा ढीग कोसळला. "बाया जेवाले गेल्या होत्या, खाली कोनी नाही," मुकादम म्हणाला. तरीही गेटवरच्या निकितानं संगणक पाहिला. मजुरांच्या कार्डात टॅग असायचा. गेट ओलांडलं की आपोआप नोंद व्हायची. मजूर तानाबाई बाहेर पडल्याची नोंदच नव्हती.  कापसाच्या गाठींवरचे टॅग वाचायचं यंत्र घेऊन निकिता ढिगाभोवती फिरू लागली. एका जागी ते वाजलं, पडद्यावर तानाबाईच्या कार्डाचा नंबर आला.

"इथं उपसा!" ती किंचाळली.

कापूस उपसता उपसता एक हात दिसला, आणि तो हलला. तानाबाईला बाहेर काढलं तेव्हा खोकत खोकत तिनं पाणी मागितलं.

मुकादम तिच्याजवळ येऊन बसला. "मी तं ढीग दाबाले ट्रॅक्टर बोलावला होता," तो म्हणाला.