खाली बसलेली राख

बांधावर त्याला सगळे बाटलीवाले काका म्हणत. हातात कायम काचेची बाटली, त्यामुळे चेष्टा व्हायचीच; पण माणूस अगदी नाकासमोर चालणारा. वीस वर्षं धरणाच्या वीजघरात काढून तीन महिन्यांपूर्वी तो या कोळशावरच्या केंद्रात आला होता. धरणावर पाणी चक्र फिरवून जसंच्या तसं नदीत जाई. इथं कोळसा जळून वीज होई आणि मागे उरलेली राख पाण्यात कालवून मातीचा बांध घातलेल्या भल्यामोठ्या तलावात सोडली जाई. त्याचं काम मात्र तेच. बांधाच्या पायथ्याशी पाझरणारं पाणी बाटलीत धरायचं. नितळ असेल तर बांध धड आहे. गढूळ असेल तर पाणी त्याला आतून खातंय.

धरणावर बाटली अर्धा तास तशीच ठेवायची पद्धत होती. तिथल्या पाण्यात हवेचे बुडबुडे असत, ते गेल्याशिवाय खरं काय ते कळत नसे. इथंही तो बाटली फळीवर ठेवी, चहा घेई, मग बूड मुठीत धरून वरचं पाणी उजेडात बघे आणि वहीत लिही: नितळ.

त्या दुपारी फळी पुसायला त्यानं बाटली मानेला धरून उचलली आणि बुडाशी बोटाच्या पेराएवढा राखाडी थर हलला. आठवड्याच्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीत थर, आणि तो रोज वाढत गेलेला. बुडबुडे वर जातात, राख खाली बसते. एवढी साधी गोष्ट, आणि हा शहाणा राख बसेपर्यंत चहा पीत होता!

त्यानं नियंत्रण कक्षाला फोन लावला. "साहेब, राख सोडणं थांबवा. बांध आतून पोखरला जातोय."

"अहो काका, वही माझ्यासमोर आहे. काल नितळ, परवा नितळ. सही तुमचीच ना? संध्याकाळी माणूस पाठवतो."

बांधाखालच्या वस्तीत त्याची थोरली बहीण राहत होती. घर त्यानंच बघून दिलं होतं. तो जिवाच्या आकांतानं तिच्याकडे पळत सुटला.

बहीण अंगणात चादर वाळत घालत होती.

"ताई, नातीला घे आणि चल. आत्ताच्या आत्ता."

"अरे, बस तरी. बांधाचं तू बघतोस, मग आम्हाला कसली भीती?"

"मी चुकलो, ताई. किती दिवस चुकीचं लिहितोय कोण जाणे."

‘चुकलो’ हा शब्द त्याच्या तोंडून तिनं जन्मात ऐकला नव्हता.

"सकाळपासून मोरीतून राखाडी पाणी वर येतंय," ती कशीबशी म्हणाली. "शेजारीण पोरं घेऊन निघाली होती रे. मीच अडवलं तिला. म्हटलं, माझा भाऊ आहे वर."

आणि ती अनवाणीच शेजारणीच्या दाराकडे धावली.