इन्सुलिनचा माठ

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे. पण तहान लागली म्हणून माझ्याकडे येऊ नका. माझ्या पोटात पाणी नाही, रूपाचं इन्सुलिन असतं.

इंझोरीच्या किशन कुंभाराने मला घडवलं. तिथून मेडशीला येताना वाटलं होतं, पाहुणेरावळे पाणी पितील, "काय गार आहे!" म्हणतील. पण दुर्गाबाईने मला एका मोठ्या माठात बसवलं, दोघांच्या मधे ओली रेती भरली आणि माझ्या पोटात औषधाच्या बाटल्यांचा डबा ठेवला. तिच्या मुलीला, रूपाला, लहानपणीच मधुमेह झाला होता. इन्सुलिन तापलं की वाया जातं. मी रोज भिजतो आणि थंड डोक्याने काम करतो. फ्रिजबद्दल मी वाईट बोलत नाही. बिचारा विजेवर अवलंबून आहे.

रूपा मोठी झाली, कबड्डी खेळू लागली. जेवणाआधी सुई, झोपताना सुई. शाळेत सुई काढली की भोवती पोरींचा घोळका. यंदा अकोल्याच्या डॉक्टरांनी तिला इन्सुलिनचा पंप महिनाभर वापरायला दिला. कमरेला छोटी डबी, तिथून पोटाला पातळ नळी. दिवसरात्र थोडं थोडं इन्सुलिन आत जातं. पटला तर ठेवा, नाहीतर परत करा, असं ठरलं. रूपाला तो हवाच होता. तिच्या वडिलांना, इंद्रभानला, पटत नव्हतं.

"आपली विहिरीवरची मोटर वर्षातून दोनदा जळते. पोरीच्या पोटावरची जळली तं?"

"बाबा, तुमी आकडा टाकून चालवता, म्हून जळते," रूपा म्हणाली.

पंप आला तेव्हा मला वाटलं, आता आपली सुट्टी. पण पंपातही इन्सुलिनच भरावं लागतं आणि उरलेलं माझ्याकडेच राहतं. हे कळल्यावर मी त्याला मान दिला.

महिना संपत आला. एका रविवारी खेळून आल्यावर रूपाने पंप काढून खिडकीत ठेवला, अंघोळ केली आणि थकून पंप न लावता तशीच झोपली. खिडकीत ऊन आलं. दुर्गाबाईने पाहिलं, औषध तापतंय! तिने पंप उचलला, पदराने पुसला, माझ्या पोटात ठेवला आणि झाकण लावलं. माठाला तोंड असतं, वाचा नसते.

दुपार कलल्यावर रूपा उठली ती घसा कोरडा, डोकं जड. बोट टोचून पाहिलं, तर साखर भलतीच चढलेली.

"म्या म्हनलं होतं नं!" इंद्रभान गरजला. "उद्याच वापस करू हे डबडं!"

रूपाचा हात कमरेला गेला. पंप नाही. खिडकीतही नाही. तेवढ्यात माझ्या पोटातून टूं टूं आवाज घुमला. सगळे माझ्याकडे बघू लागले. दुर्गाबाईने जीभ चावली.

"ऊन लागून राह्यलं होतं वो त्याले. म्हून म्या माठात ठेवलं."

"वा! मशीन थंड, अन् पोरगी गरम!" इंद्रभान म्हणाला.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं तसं रूपाने पूर्वीसारखं सुईने इन्सुलिन घेतलं, पंप पुन्हा लावला, भरपूर पाणी प्याली. साखर उतरू लागली तशी ती वडिलांसमोर येऊन बसली.

"बाबा, पंपानं दगा नाई देल्ला. पंप अंगावर नव्हता म्हून हे झालं. तुमी मोटर बंद ठेवली अन् हरभरा सुकला, तं दोष मोटरचा काय?"

इंद्रभानने कान खाजवला.

"ठेव मंग," तो म्हणाला. "पन तुह्या मायपासून लपवून ठेव."

तेव्हापासून पंप रूपाच्या कमरेला आहे आणि ती मैदानात.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. मला सावलीत ठेवा, माझी रेती कोरडी पडू देऊ नका. औषध मी सांभाळीन. पंप मात्र ज्याचा त्याच्या अंगावर असू द्या, अंघोळीला काढला तर अंग पुसताच लावा. आणि कधी सापडला नाही, तर यंत्राला शिव्या देण्याआधी माझं झाकण उघडून बघा.