गाळलेली ओळ

सकाळी कचेरीत आल्यावर माणसं आधी पंखा लावतात, घोटभर पाणी पितात. आमचे सर आधी संगणकावर आकडा बघत. त्यांच्या शोधनिबंधांचा आजवर किती जणांनी आधार घेतला, त्याचा आकडा! सर सेंद्रिय रसायनशास्त्राचे प्राध्यापक. वीस वर्षांपूर्वीच्या त्यांच्या एका निबंधाला सहाशे बारा संदर्भ मिळाले होते, आणि हे ऐकल्याशिवाय विभागातून कुणाची सुटका नसे. अशी माणसं तुमच्या-आमच्या कचेरीतही असतातच.

त्या मंगळवारी त्या निबंधाचा आकडा सहाशे तेरा झाला. स्वारी खुशीत आली. तेवढ्यात त्यांची संशोधक विद्यार्थिनी दारात उभी राहिली.

"सर, तुमच्या त्या जुन्या कृतीने संयुग करतेय. शेवटी द्रावक उडवून पूर्ण कोरडं करू ना?"

"निबंधात आहे तसं कर," सर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

तासाभराने प्रयोगशाळेत धडाका झाला. सरांच्या दाराची काच त्यांच्या टेबलावर येऊन पडली. ते धावत गेले. धुरात पोरगी जमिनीवर पडली होती. उजव्या पंजाच्या चिंध्या झाल्या होत्या, करंगळी नुसत्या कातड्याला लोंबत होती. गालात काचा रुतल्या होत्या, डाव्या डोळ्यातून रक्त वाहत होतं. रक्ताचे शिंतोडे पार छतापर्यंत उडाले होते.

"सर, मी निबंधात आहे तसंच केलं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तिला इस्पितळात नेलं. दुपारी सर अहवाल लिहायला बसले. 'विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे' एवढं लिहून झालं होतं, तोच काचमामा आत आले. विभागातली काचेची उपकरणं ज्योतीवर घडवणारे हे जुने कारागीर. सकाळपासून ते रक्तात भिजलेल्या काचा गोळा करत होते. त्यांनी कागद वाचला.

"सर, हे खोटं आहे."

"मामा, तुम्ही तुमच्या काचेचं बघा!" सरांनी टेबलावरचा पेपरवेट भिंतीवर भिरकावला. भिंतीचा पोपडाच निघाला. मामा जागचे हलले नाहीत.

"काचेचंच बघतोय. वीस वर्षांपूर्वी याच कृतीत तुमचे दोन चंबू फुटले. दोन्ही वेळा नवे मीच करून दिले. दुसऱ्या खेपेला तुमच्या कपाळाला नऊ टाके पडले होते. पूर्ण कोरडं केलं की फुटतं, थोडं द्रावक ठेवायचं, असं तुम्हीच मला सांगितलंत. मग निबंधात का नाही लिहिलंत?"

सरांनी पेन खाली ठेवलं. "कच्च्या मसुद्यात होती ती ओळ. मी गाळली. धोका आहे म्हटलं असतं, तर त्या कृतीच्या वाटेला कोण गेलं असतं?"

"ती पोरगी गेली ना त्या वाटेला!"

"मामा, माझी सगळी हयात आहे हो त्या निबंधात! हे बाहेर आलं तर मी संपलो."

"आणि नाही आलं तर? तुमचं नाव जिथं जिथं पोचलंय, तिथं उद्या कुणीतरी चंबू कोरडा करत बसेल. तुम्ही ते आकडे मोजता, सर. ती माणसं आहेत!"

सरांनी पडद्यावरच्या संदर्भांच्या यादीकडे पाहिलं. अरेरे! ज्या यादीवर ते इतकी वर्षं खूश होते, तिच्यातल्या किती जणांच्या हातात आपण बॉम्ब दिला, हा विचार त्यांच्या मनात आजवर एकदाही आला नव्हता. त्यांनी अहवाल फाडला आणि थेट इस्पितळ गाठलं.

पोरीची दोन बोटं गेली होती. डोळ्याबद्दल डॉक्टर काही सांगत नव्हते.

"सर, माझं काय चुकलं?"

"तुझं काहीच चुकलं नाही, बाळ. ते फुटतं हे मला माहीत होतं. मी लपवलं."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. 

दुसऱ्याच दिवशी सरांनी तो निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला आपला दोष लिहून कळवला. मग निबंधाचा आधार घेतलेल्या प्रत्येकाला ते स्वतः पत्र लिहू लागले. कुणी आभार मानले, कुणी शिव्या घातल्या. एका प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी मात्र लिहिलं, 'गेल्या वर्षी आमच्याकडे असाच स्फोट झाला. आमचा तरुण सहकारी जागीच गेला. चूक त्याचीच होती, असं आम्ही त्याच्या आईला सांगितलं आहे. आता तिला काय सांगू?'

सर ते पत्र हातात धरून ढसाढसा रडले. मग त्यांनी उत्तर लिहिलं, 'तुम्ही काही सांगू नका. त्या माउलींचा पत्ता द्या. मी त्यांच्या दारात जाऊन सांगतो.'

मित्रहो, आपण प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातात काही ना काही देत असतो. कुणी औषध देतो, कुणी यंत्र, कुणी नुसता सल्ला. त्यातला धोका आपल्याला ठाऊक असेल, तर तो आधी सांगा. आपलं नाव थोडं कमी झालं तरी चालेल, पण आपण गप्प राहिलो म्हणून कुणाच्या आईवर आपल्या मेलेल्या लेकराला दोष देत जगण्याची वेळ येता कामा नये!