निळी स्लीपर

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कूलर आहे आणि माझ्या अंगात वीज उतरायची. यातली दुसरी गोष्ट मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगून टाकली, कारण माझ्या घरच्यांनी ती अकरा वर्षे कोणालाच सांगितली नाही.

धुळ्याच्या सुकदेव मिस्त्रींनी मला घडवले. पत्रा कापला, कडा दुमडल्या, तीन बाजूंना गवताच्या ताट्या बसवल्या आणि तळाशी पाणी वर चढवणारी छोटी मोटर ठेवली. गवतातून पाणी झिरपते, पंखा बाहेरची गरम हवा त्यातून ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते आणि खोलीत गारवा येतो. माझे सगळे शहाणपण एवढेच. मात्र लोखंड, पाणी आणि वीज ही तिन्ही एका पेटीत ठेवली की चौथी गोष्ट लागतेच. ती म्हणजे जमिनीत उतरणारी एक तार. कुठे वायर खराब झाली, तर पत्र्यात आलेली वीज त्या तारेने मातीत निघून जाते. तार नसेल तर वीज पत्र्यातच वाट पाहत राहते.

सुकदेव मिस्त्रींनी माझ्या अंगावर लाल रंगाने लिहिले होते, 'अर्थिंग जोडणे'. मला न्यायला आलेल्या चिंधा नानांना ते तोंडानेही म्हणाले, "नाना, तार जोडी ल्या. नही ते हाऊ एक दिन मारी."

नाना हसले. "पाहू," म्हणाले.

जळगावला पिंप्राळ्यातल्या घरी मी खिडकीत बसलो. भिंतीतल्या सॉकेटला तीन भोके होती, पण तिसऱ्याच्या मागे तारच नव्हती. पहिली दोन वर्षे काही बिघडले नाही. मे महिन्यात शेजारीपाजारी माझ्यासमोर येऊन बसत आणि म्हणत, "नानांचा कूलर म्हणजे महाबळेश्वर!" मी फुगून जायचो. मग मोटरच्या वायरचे वरचे आवरण झिजले. एका दुपारी नानांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी ओल्या हाताने मला स्पर्श केला आणि किंचाळून हात मागे घेतला. नाना म्हणाले, "अर्थिंगचं पाहू." त्या दिवसापुरती त्यांनी रबराची निळी स्लीपर माझ्यासमोर ठेवली. ती पायात घातली की पायातून जमिनीकडे जायची विजेची वाट बंद होते आणि झटका बसत नाही.

ती स्लीपर अकरा वर्षे तिथेच राहिली. घरातल्या सगळ्यांचे पाय शिकले. माझ्याकडे येताना ते न बघता पायाने ती चाचपत, घालत आणि मगच हात लावत. पुढे पुढे आपण असे का करतो, हेही ते विसरले.

एका उन्हाळ्यात माझ्या नळातून थेंब गळत होते. एक तहानलेली मांजर ओल्या फरशीवर उभी राहून ते चाटू लागली. संध्याकाळी ती तिथेच आडवी सापडली. "ऊन लागलं बिचारीला," सगळे म्हणाले. मित्रांनो, तिला ऊन लागले नव्हते.

पुढे नाना गेले, प्रमिलाबाई गेल्या. घरात त्यांचा मुलगा भूषण आणि सून दिपमाला उरले. भूषण चटईच्या कारखान्यात कामाला जातो, दिपमाला घरी साड्यांना फॉल-पिको करते. त्यांना मूल नव्हते. चार वर्षांपूर्वी त्यांनी दत्तक घेण्यासाठी अर्ज केला. यंदा त्यांना किरणचे नाव कळले. किरण सात वर्षांची. तिला आईवडील नव्हते आणि दोन वर्षे ती शिंदखेड्याला बेबाबाईंकडे राहत होती. कायमचे घर मिळेपर्यंत मुलांना सांभाळणाऱ्या ज्या सरकारी यादीतल्या बाया असतात, त्यांपैकी बेबाबाई एक. भूषण आणि दिपमाला दोनदा तिला तिथे भेटून आले होते. आता ती आठ दिवस राहायला येणार होती. सोबत समाजसेविका नूतन मॅडम येऊन घर तपासणार होत्या. त्यांच्या अहवालावर पुढचे सगळे अवलंबून होते.

घरात तयारी सुरू झाली. मला वाटले, आता तरी कोणी तार जोडेल. भूषणने मला आकाशी रंग दिला. 'अर्थिंग जोडणे' हे शब्द पहिल्याच हातात बुजले. त्यावर दिपमालाने फुलपाखरे चिकटवली.

आदल्या दिवशी बेबाबाईंचा फोन आला. दिपमालाने तो माझ्या शेजारी बसूनच घेतला.

"पोर भलती गुणी शे," बेबाबाई सांगत होत्या. "एकच खोड शे. अंग धोयं का कूलरले गाल लाईसन उभी ऱ्हास. आमना फायबरना डबडाले ती सहेली म्हनस!"

अंघोळ होताच कूलरला गाल लावणारी पोर डोळ्यांसमोर आणून दिपमाला खळखळून हसली. "मावशी, इथे तर तिला भली मोठी सहेली मिळणार!"

फायबरमधून वीज जात नाही. लोखंडातून जाते. कोरड्या कातडीपेक्षा ओल्या कातडीतून ती कितीतरी पट सहज जाते. हे सगळे मला माहीत होते आणि मला फक्त घरघर करता येत होती.

सकाळी भूषण खोली झाडताना थांबला. "ही स्लीपर इथे मधोमध? मॅडम म्हणतील, हे लोक घरात चपला घालून फिरतात."

"माळ्यावर टाका. आणि तुमच्या त्या फाटक्या बनियनलाही तिच्यासोबतच पाठवा."

"बनियन आपल्या लग्नातलं आहे, त्याला मान आहे," भूषण म्हणाला आणि त्याने स्लीपर उचलली. फरशीवर दोन फिकट पावले उरली. दिपमालाने तीही घासून पुसली. माझ्याबद्दलची शेवटची सूचना त्या घरातून गेली.

दुपारी तीनला त्या दोघी आल्या. बाहेर चव्वेचाळीस अंश होते. नूतन मॅडम बाहेरच्या खोलीत फाइल उघडून बसल्या. औषधे उंचावर आहेत का, गच्चीला कठडा आहे का, गॅसची नळी बदलली आहे का, असे त्या विचारत गेल्या आणि खुणा करत गेल्या. चप्पल कुठे ठेवता, असा प्रश्न कोणत्याच फॉर्मवर नसतो.

किरण हातपाय धुवायला न्हाणीघरात गेली. तेवढ्यात लाइट गेली. माझा पंखा फिरत फिरत थांबला. माझे बटण मात्र चालूच होते. ते बंद करायचे कोणाच्या ध्यानात येत नाही.

किरण बाहेर आली. तिने डोक्यावरूनही दोन तांबे ओतून घेतले होते. केसांतून पाणी ठिबकत होते, पाय अनवाणी होते. ती सरळ माझ्याकडे आली, फुलपाखरांवरून बोट फिरवले आणि ओला गाल माझ्या पत्र्याला लावला.

"हाऊ आमनापेक्षा गार शे," ती पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "लाइट कव्हय यी?"

"येईल गं, पाच-दहा मिनिटांत!" बाहेरून भूषणने सांगितले.

मित्रांनो, इतकी वर्षे लाइट गेली की मी तिची वाट पाहत आलो आहे. त्या दिवशी पहिल्यांदा ती येऊ नये असे मला वाटले. तिच्या केसांतले थेंब माझ्या अंगावरून ओघळून तिच्या पायांपाशी जमत होते. मी ते मोजत होतो. बाविसावा थेंब पडला तेव्हा टॉवेल घेऊन दिपमाला आत आली.

ती माझ्याजवळ आली आणि सवयीने तिचा उजवा पाय फरशीवर चाचपू लागला. एकदा, दोनदा. स्लीपर नव्हती. ती खाली बघत राहिली. तिने स्वतःच्या पायाकडे पाहिले, मग शेजारच्या त्या लहान, ओल्या, उघड्या पायांकडे.

टॉवेल खाली पडला. तिने किरणला दंडाला धरून मागे ओढले, बटण बंद केले आणि प्लग उपसून काढला. काही क्षणांतच डोक्यावरचा पंखा फिरू लागला.

किरण रडकुंडीला आली होती. "मनं काय चुकनं?"

"तुझं नाही गं, बाई. आमचं चुकलं."

तिला कडेवर घेऊनच दिपमाला बाहेर गेली. "मॅडम, एक सांगायचं राहिलं."

"दीपा," भूषण घाईने म्हणाला, "मॅडमचा चहा गार होतोय."

"होऊ द्या. मॅडम, आमच्या कूलरला करंट येतो. अकरा वर्षांपासून. आज तुम्ही येणार म्हणून आम्ही त्याच्यासमोरची स्लीपर लपवली."

कागदावर पेनने रेघ ओढल्याचा आवाज आला.

"लपवली नसती तर मी विचारलं असतं," नूतन मॅडम म्हणाल्या. "आज मी हिला परत नेते. सगळ्या घराची वायरिंग तपासून लेखी आणा. मग पाहू."

पाहू. नानांचे 'पाहू' अकरा वर्षे चालले होते.

जाताना किरणने दारातून माझ्याकडे हात हलवला. तिची पिशवी उघडलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भूषणने अंगणात खड्डा खणला. नवल वायरमनने त्यात तांब्याची पट्टी पुरली, मीठ-कोळसा भरला, मोटर बदलली, घरभर तार फिरवली आणि शेवटी माझ्या अंगाला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लागला नाही; माझ्या अंगात आता वीज नव्हती. लेखी कागद त्याच दिवशी ऑफिसात पोचला. त्याला आज एकोणीस दिवस झाले. फोन वाजला की दिपमालाचे मशीन थांबते. फोन दुसऱ्याच कोणाचा असतो आणि मशीन पुन्हा चालू होते.

निळी स्लीपर तिने माळ्यावरून काढून परत माझ्यासमोर ठेवली आहे. शेजारी एक लहान जोडही आहे, न वापरलेला. आता त्यांची गरज नाही, तरी मला त्या असलेल्या बऱ्या वाटतात.

मित्रांनो, आज घरी गेलात की खाली बघा. एखाद्या वस्तूसमोर स्लीपर, पाट किंवा जुनी गोणी वर्षानुवर्षे पडलेली दिसेल. पाहुणे येणार म्हणून ती उचलू नका. ती तिथे का आहे, ते मोठ्यांना विचारा. आणि ते 'पाहू' म्हणाले, तर उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.