तीन महिन्यांच्या बोलीवर

महानगरातल्या प्रयोगशाळेत तिने नऊ वर्षं दात बनवले, पण त्या नऊ वर्षांत एकही तोंड पाहिलं नाही.

तळघरातला लांबलचक हॉल, चाळीस टेबलं, प्रत्येक टेबलावर एक दिवा आणि भुगा ओढून घेणारी एक नळी. सकाळी शहरभरच्या दवाखान्यांतून खोकी यायची. आत प्लास्टरचे साचे, दाताच्या रंगाचा नंबर आणि एक चिठ्ठी. संध्याकाळी तीच खोकी दात, दातांवरच्या टोप्या, कवळ्या घेऊन परत जायची. दात नीट बसला तर कुणी काही कळवत नसे. नाही बसला तर खोकं परत येई, त्यावर लाल चिकटपट्टी. तिच्या टेबलावर लाल पट्टी महिन्याकाठी एखादीच यायची, म्हणून ती हुशार कामगारांत गणली जायची.

तशी तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. अकराव्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. नवव्यावर नणंद राहायची. तिनेच या देशात आधी येऊन यांना मागून बोलावून घेतलं होतं. नवरा लिफ्टचा मेकॅनिक, आणि त्या शहरात लिफ्टना तोटा नव्हता. मुलगी दहा वर्षांची. कुठल्याही गोष्टीवर उलटतपासणी घ्यायची सवय असल्यामुळे घरात तिला सगळे वकीलबाई म्हणत.

एक दिवस प्रयोगशाळेच्या फलकावर चिठ्ठी लागली. पाच तासांच्या अंतरावरच्या एका लहान गावातल्या दंतवैद्यांना कारागीर हवा होता. काम दवाखान्यातच, पेशंट समोर बसवून. राहायला वर दोन खोल्या. आधी तीन महिने, मग दोघांना पटलं तर पुढे.

तिने ते घरी सांगितलं तेव्हा नवरा बूट काढत होता.

"गावात लिफ्ट किती आहेत?" त्याने विचारलं.

"मी विचारलं. तीन."

"तीन! म्हणजे मी सोमवारी सगळ्या तपासायच्या आणि मंगळवारपासून त्या बिघडायची वाट बघत बसायचं?"

"नोकरीचं मग बघू रे. आधी मला तीन महिने जाऊन तर येऊ दे. प्रयोगशाळा बिनपगारी रजा देतेय. हिची सुट्टी आहे, हिलाही नेते."

"माझं मत कुणी विचारलंय का?" वकीलबाई आतून म्हणाल्या.

नणंदेने दुसऱ्या दिवशी वर येऊन आपली बाजू मांडली. "तिथे आपलं माणूस कोण गं? आजारी पडलीस तर कपाळावर हात ठेवायला कोण आहे? इथे निदान हाक मारली तर मी दोन मजले चढून येते." त्यात खोटं काहीच नव्हतं. ताईंच्या आधारावरच तर पहिली वर्षं निघाली होती. पण त्या आधारामुळेच बाहेरची भाषा तिच्या जिभेवर कधी बसली नाही, हेही तितकंच खरं होतं. कामावर अर्धे लोक तिच्यासारखेच परके. तिथे "मेण", "उद्या", "पुन्हा कर" एवढ्यावर दिवस निघे. घरी मराठी. बाकीचं वकीलबाई सांभाळत.

ती गेली.

दवाखाना गावच्या बसस्थानकासमोर होता. खाली दोन खुर्च्या, मागे तिची कामाची खोली, वर राहायच्या खोल्या. डॉक्टर सत्तरीला टेकलेले, बोलणं मोजकं, हात मात्र अजून स्थिर. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला एका म्हाताऱ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "यांच्या तोंडात बघा." ती बघतच राहिली. साच्यात जे पांढरं आणि गप्प असतं, ते इथे ओलं, हलतं आणि बोलतं होतं. तो म्हातारा डावीकडेच चावत होता, हसताना वरचा ओठ खाली ओढून धरत होता. हे कुठल्या चिठ्ठीवर लिहून येणार? त्याची कवळी तिने त्याच्या चावण्याच्या पद्धतीने लावली. दहा दिवसांनी तो रस्त्यात भेटला, थांबला आणि तोंड उघडून तिला सगळे दात दाखवून पुढे गेला.

बाकी गाव सोपं नव्हतं. शहरात कुणी तिच्याकडे वळून बघत नसे. इथे तिसऱ्या दिवशी किराणा दुकानदारणीला माहीत होतं की डॉक्टरांकडे परकी बाई आली आहे, तिला एक मुलगी आहे आणि नवरा बरोबर नाही. कुठल्या देशाची, नवरा का नाही, परत कधी जाणार, हे तीन प्रश्न प्रत्येक जण त्याच क्रमाने विचारी. तिसऱ्या प्रश्नात चौकशी किती आणि इच्छा किती, हे तिला कळत नसे. एका बाईने तर तिचा हात दातांना लागणार म्हटल्यावर खुर्चीतून उठून "मी नंतर येते" म्हटलं, आणि ती आली नाही. डॉक्टरांनी ते पाहिलं. म्हणाले, "ती माझ्याकडेही पहिली आठ वर्षं येत नव्हती. मी शेजारच्या गावचा." ते विनोदाने म्हणाले की खरंच, हे तिला मुलीकरवी विचारावं लागलं. खरंच होतं.

दुसऱ्या महिन्यात बसस्थानकावरची निवेदिका आली. गाड्यांच्या घोषणा त्या गावात अजून माणूस करत असे, आणि ते माणूस म्हणजे ही बाई. सव्वीस वर्षं तिचा आवाज गावाच्या कानात होता. आता वरचे दात काढावे लागले होते. तिने घाईची कवळी मागितली, कारण दाताशिवाय माइकसमोर बसणं तिला मंजूर नव्हतं. तिने, म्हणजे आपल्या कारागीर बाईने, रात्रंदिवस एक न करताही पाच दिवसांत कवळी केली. बसली छान. दिसायलाही छान.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडी होती. समोरच्या कर्ण्यातून घोषणा आली आणि दुधाचा पेला तोंडाला लावलेल्या वकीलबाई थांबल्या.

"आई, ती बाई शिट्टी वाजवतेय."

"कुठे? बोलतेय की."

"बोलताना वाजतेय. प्रत्येक 'स'ला. तुला ऐकू येत नाही?"

तिला ऐकू येत नव्हतं. तिने नीट कान देऊन तीन गाड्यांच्या घोषणा ऐकल्या. तिच्या कानाला सगळं जसं आधी तसंच आत्ता. दुपारपर्यंत मात्र गावभर झालं. सहा नंबरचा फलाट आणि सात नंबरचा फलाट यांत त्या भाषेत फरक होता तो एका 'स'चा, आणि तो शिट्टीत हरवत होता. दोन वयस्क बहिणी नातवाच्या बारशाला म्हणून निघाल्या त्या सातव्या फलाटाऐवजी सहाव्यावरच्या गाडीत चढल्या आणि भलत्याच गावी उतरल्या. पोरं स्थानकाच्या भिंतीपाशी उभी राहून घोषणेबरोबर शिट्ट्या मारू लागली. किराणा दुकानात तिने मीठ मागितलं तर दुकानदारीण मीठ देता देता हसू दाबत होती.

शहरात चूक खोक्यातून यायची. इथे ती दिवसातून चाळीस वेळा कर्ण्यातून यायची, आणि सगळ्यांना कळायची, फक्त जिने केली तिला सोडून. तिला त्या रात्री वाटलं, बस झालं, परत जावं. नवऱ्याला फोन केला.

"ये परत," तो म्हणाला. "इथे कुणाच्या बापाला कळत नाही कुणी काय केलं ते."

तो समजूत घालत होता. पण ते वाक्य तिला लागलं, आणि का लागलं हे फोन ठेवल्यावर बऱ्याच वेळाने कळलं. खरंच कुणाला कळलं नव्हतं. नऊ वर्षांत बनवलेल्या हजारो दातांपैकी एकाचंही.

सकाळी ती स्वतःच रस्ता ओलांडून निवेदिकेच्या खोलीत गेली. बरोबर वकीलबाई, दुभाषी म्हणून. निवेदिका रागावलेली होतीच.

"तुम्हाला ऐकूच येत नसेल तर दुरुस्त काय करणार?"

"तुम्ही ऐकवा," ती म्हणाली. एवढं तिला स्वतःला बोलता आलं.

मग मुलीला तिने मराठीत विचारलं, नेमकं काय वेगळं आहे ते. मुलगी विचार करून म्हणाली, "चहातला च आणि चाकातला च कसे वेगळे आहेत? माझ्या वर्गात कुणालाच तो फरक कळत नाही, मी कितीदा म्हणून दाखवलं तरी. तसं आहे हे. यांचे दोन 'स' आहेत आणि तुला ते एकच वाटतात."

नऊ वर्षं जी गोष्ट तिला कुठल्या वर्गाने शिकवली नव्हती ती अशी कळली. त्यानंतर चार दिवस दुपारच्या गाड्यांमधल्या वेळात निवेदिका दवाखान्यात येऊन बसे. एक शब्द या 'स'चा, एक त्या 'स'चा. कारागीर बाई डोळे मिटून ऐके आणि बोट दाखवे, हा पहिला, हा दुसरा. आधी दहातले पाच चुकायचे, म्हणजे नुसताच अंदाज. निवेदिकेला राग आला, मग हसू आलं, मग जोर चढला. तिने बाईचा हात धरून आपल्या ओठांसमोर ठेवला. एका 'स'चा वारा बोटांच्या टोकांवर यायचा, दुसऱ्याचा तळहातावर. तिसऱ्या दिवशी दहातले नऊ बरोबर आले.

मग काम सोपं होतं. समोरच्या दातांमागे कवळीचा टाळूकडचा भाग पातळ राहिला होता, जिभेला वर फार ताणावं लागत होतं. तिने तिथे मेणाचा पातळ थर दिला, निवेदिकेला बोलायला लावलं, थोडं खरवडलं, पुन्हा बोलायला लावलं. सोळाव्या खेपेला तिला स्वतःलाच ऐकू आलं की शिट्टी गेली. मुलीकडे बघण्याआधी.

"गेली," ती म्हणाली.

"गेली," निवेदिका म्हणाली, आणि फलाटांचे सगळे नंबर एकापाठोपाठ एक म्हणून दाखवले.

तिसरा महिना संपायला आला तसं डॉक्टरांनी टेबलावर कागद ठेवला. पुढची नेमणूक, शुक्रवारपर्यंत सही. "विचार करा, घरी बोला," ते म्हणाले. ती वर गेली. यादी करायला बसली: शहराच्या बाजूला ताई, मुलीची शाळा, मैत्रिणी, पोहण्याचा तलाव, नवऱ्याची पक्की नोकरी. गावाच्या बाजूला काय लिहावं ते सुचेना. तिथे लिहिण्यासारखं असं काही नव्हतंच. ती खाली गेली आणि बुधवारीच सही करून आली. नवऱ्याला फोन नंतर केला.



"विचारलंही नाहीस," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. आणि मी ऐकलं असतं."

"म्हणजे माझीच चूक."

"नाही. माझी. पण सही केली."

तो आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. रोज फोन यायचा, मुलीशी बोलून ठेवायचा. नणंदेने मात्र भरपूर ऐकवलं. भाऊ एकटा राहतो, डबा आणून खातो, हे शोभतं का, आणि आपण कुणाच्या जिवावर इथे आलो. तिने सगळं ऐकून घेतलं. "ताई, तुमचं बरोबर आहे," एवढंच म्हणाली, आणि तसं तिला वाटतही होतं. वकीलबाईंनी पहिला आठवडा असहकार पुकारला, नव्या शाळेत कुणाशी बोलल्या नाहीत. मग निवेदिकेकडून ऐकून शाळेतल्या कुणीतरी चहा-चाक म्हणून दाखव म्हटलं आणि तो प्रश्न मिटला.

नवरा दोन महिन्यांनी आला, पानं गळायच्या सुमाराला. ज्या कंपनीत होता तिनेच त्याला आजूबाजूच्या अकरा गावांच्या लिफ्ट दिल्या: दवाखाने, वृद्धाश्रम, दोन कचेऱ्या. दिवसभर गाडी चालवायची. त्याने आल्या आल्या सांगून टाकलं, "मी खूश होऊन आलेलो नाही. तुम्ही दोघी इथे आहात म्हणून आलोय. हे लक्षात असू दे."

"आहे लक्षात," ती म्हणाली.

आता त्याला चार वर्षं झाली. तो गावात रुळला असं म्हणता येणार नाही. तीन प्रश्नांचा त्याला अजून कंटाळा आहे. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं सुटल्यावर त्याला घरी चहाला बोलावतात आणि तो वेळ नाही म्हणतो. महिन्यातल्या एका शनिवारी तो पहिल्या गाडीने शहरात जातो. बहिणीकडे जेवतो, मग एकटाच बाहेर पडतो. काय करतोस रे दिवसभर, असं तिने एकदा विचारलं होतं.

"चालतो," तो म्हणाला. "भुयारी रस्ते, मोठी दुकानं, स्टेशन. हजार माणसं अंगावरून जातात आणि एकाला माझ्याशी काही देणंघेणं नसतं. बरं वाटतं."

पूर्वी ती म्हणायची, आम्हीही येतो. आता म्हणत नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्याची पिशवी भरून ठेवते आणि रविवारी दुपारी तो आला की ताईंनी काय काय पाठवलंय ते दोघं मिळून बाहेर काढतात.