कोणाच्या दारात जाणार नाही

मावशीच्या इमारतीत भाचीला कोणी परकं मानलं नाही. ती विद्यापीठात समाजशास्त्राची पीएचडी करत होती. विषय होता शेजाऱ्यांमधला विश्वास. ती दार वाजवायची आणि लोक हातातलं काम टाकून बोलायला बसायचे.

प्रश्न सगळे सोपे, शेवटचा तेवढा अडायचा. "अडीनडीला या इमारतीतल्या कोणाच्या दारात तुम्ही जाणार नाही?"

"छे गं, तसं कोणी नाही," लोक हसायचे. भाची गप्प राहायची. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, आपण काही सुचवायचं नाही, आहे ते टिपायचं. मग समोरचा अवघडायचा आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणायचा, "वरचा घड्याळजी, फार तर. एकटाच असतो."

घड्याळजी कोणाच्या अध्यात ना मध्यात. मावशी तर म्हणाली होती, "माझं घड्याळ त्याने फुकट दुरुस्त करून दिलं. देवमाणूस आहे."

काही महिन्यांनी भाची दुसऱ्या फेरीला आली, तेव्हा तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येऊ लागलं. जिन्यात खेळणारी पोरं वरच्या मजल्याकडे फिरकत नव्हती. घड्याळजीच्या दाराला कोणीतरी डांबर फासलं होतं. मावशीनेही त्याचंच नाव घेतलं.

"मावशी, तूसुद्धा?"

मावशीने आवाज खाली आणला. "अगं, शिकलेली माणसं घरोघर चौकशी करतात, ती काय उगीच? तुला काहीतरी माहीत असणार. सांगत नाहीस, एवढंच."

भाची तडक वर गेली. घड्याळजीने दार बोटभर उघडलं, तिला पाहून मग पुरतं उघडलं. तो चिडलेला नव्हता.

"एक विचारू, बाई? तुम्ही विचारायच्या आधी हे उत्तर कुठे होतं?"

ती जिना उतरली आणि थेट सरांकडे गेली.

सर मात्र खुशीत होते. "दोन्ही फेऱ्यांत एकच नाव! अजून काय हवं?"

"सर, आधी हे नव्हतंच. आपल्या प्रश्नानेच झालं."

"नव्हतं तर सापडलं कसं? लोक दडवतात, आपण उघडं करतो. मन घट्ट कर आणि लिहायला बस."

ती लिहायला बसली नाही. पुन्हा इमारतीत गेली आणि दारोदार सांगत सुटली, "त्या प्रश्नात काही नव्हतं हो. तो माणूस चांगला आहे."

तळमजल्यावरच्या शिक्षिकेच्या कपाळाला आठी पडली. "आता त्याची वकिली करायला पाठवलंय का तुम्हाला? म्हणजे प्रकरण वाटलं त्याहून मोठं दिसतंय." ही गोष्ट भाचीच्या आधी वरच्या मजल्यांवर पोचली. तिथली दारं उघडलीच नाहीत.

पुढच्या आठवड्यात घड्याळजीची खोली रिकामी होती. दाराची कडी उचकटलेली, उंबऱ्याशी काचांचा चुरा. तो स्वतःहून गेला की त्याला घालवलं, कोणी बोलायला तयार नव्हतं. भाची चौकीत गेली. हवालदाराने इमारतीत दोन-चार जणांना विचारलं, सगळ्यांनी खांदे उडवले. विषय संपला.

तिने संशोधन सोडलं. सरांनी तो विषय दुसऱ्या विद्यार्थिनीला दिला आणि आणखी दोन इमारती जोडून दिल्या.

हे सांगायला ती मावशीकडे गेली. मावशीने सगळं ऐकून घेतलं, उठून दाराला आतून कडी घातली आणि तिच्या अगदी जवळ येऊन बसली.

"ते राहू दे गं," ती कुजबुजली. "मला एवढंच सांग. आता कोण?"