आभाराचं कापड

सासूबाई कापडाचं ठाण घेऊन आल्या तेव्हा मी न्हिराला भरवत होते. पांढऱ्यावर निळी पानं. एकाच ठाणातून घरातल्या सगळ्यांचे कपडे शिवायचे, म्हणजे चर्चमध्ये आभाराचा रविवार ठरला.

"कसले आभार, आई?"

"ऐका हिचं! अख्ख्या चर्चला दिसलं, आणि पोरीच्या आईलाच दिसलं नाही."

चर्चला दिसलं ते असं. मागच्या रविवारी मोठा ढोल सुरू झाला आणि माझी तीन वर्षांची न्हिरा ढोलाकडे वळून नाचायला लागली. जन्मापासून जिला काही ऐकू येत नाही, ती ठेक्यावर नाचली! बायकांनी रुमाल उडवले, कुणी लोळण घेतली. पास्टर क्वान्सांनी तिला उचलून सगळ्यांना दाखवलं.

मी तिच्या पायांकडे बघत होते. आमच्या चर्चमध्ये चपला दाराबाहेर काढतात, आणि खाली फळ्यांची जमीन आहे. ढोल वाजला की ती माझ्याही तळव्यांखाली थरथरते.

घरी येऊन मी तिच्या पाठीमागे पातेल्यावर झाकण आपटलं. पुन्हा आपटलं. शेजारचं बाळ रडायला लागलं, न्हिरा मात्र मुंगीकडे बघत बसली होती.

तेच मी आता सासूबाईंसमोर करून दाखवलं. त्यांनी झाकण माझ्या हातातून हिसकावलं.

"देवाची परीक्षा घेतेस? कॉलेजात हेच शिकवलं का? अगं, त्याचं काम अडलंय ते तुझ्या या संशयानंच!"

हे मात्र लागलं. अंगावर पाजत होते तेव्हा मी उपास धरले होते, इतके की दूध आटलं. समुद्रावर जाऊन गुडघे टेकले, पोरीच्या कानांत मंतरलेलं तेल घातलं. दर वेळी तेल पुसलं आणि तिच्या नावानं हाक मारून बघितलं. शिव्या सोडल्या तर देवाला म्हणायचं काही उरलं नव्हतं. आणि तरी चूक माझीच.

संध्याकाळी माझा नवरा एबो कामावरून आला, तर त्याचं तिसरंच.

"रविवार होऊ दे, एकुआ. शाळेचं मग बघू."

"सोमवारपर्यंत सांगायचंय. नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला जाईल."

"पण तूच बघ ना. चर्चसमोर देवानं कान दिले म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी पोरीला बहिऱ्यांच्या शाळेत घालायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक तिच्याशी बोलणार आहेत का? हातानं? एक शब्द तरी?"

त्याला आईही हवी होती आणि मीही, आणि झोपही.

रविवारी आम्ही सगळे एका रंगात. सासूबाईंच्या डोक्यावर यामच्या कंदांची टोपली, वर अंडी. नाचत नाचत आम्ही पुढे गेलो. माझे पाय आपोआप ठेक्यात पडत होते, त्याचाही राग आला.

पास्टरनी माईक माझ्या हातात दिला. "सांग बेटी, परमेश्वरानं काय केलं?"

"अजून काही केलेलं नाही," मी म्हणाले.

ढोलवाल्याचा हात वरच राहिला.

"न्हिराला ऐकू येत नाही. त्या दिवशी तिला ढोल पायांतून कळला. तुम्हीही पायांकडे लक्ष दिलंत तर तुम्हालाही कळेल. तीन वर्षं मी मागतेय. त्यानं दिलं नाही. का, तेही सांगितलं नाही. मला त्याचा फार राग आलाय. पण जे दिलं नाही ते दिलं असं त्याच्याच घरात उभं राहून कसं म्हणू? खोट्या साक्षीनं त्याचा मान राहतो का?"

मागून कुणी तरी म्हणालं, "हिला आधी खाली बसवा." पास्टरनी माईक काढून घेतला.

मला वाटलं सासूबाई टोपली घेऊन निघून जातील. त्यांनी ती वेदीपाशी आदळली. एक अंडं फुटलं.

"आणलेलं परत न्यायची रीत नाही आपल्यात," त्या वर बघून ओरडल्या. "घे! पण मी आभार मानलेले नाहीत, कळलं?"

घरी जाताना त्या पुढे, आम्ही मागे. वळणावर त्या थांबल्या.

"रुसायचं तर घरात रुसावं माणसानं. माईकवर नाही. आता कुठल्या तोंडानं चर्चला जाणार तू?"

"याच. पुढच्या रविवारी येणार आहे."

"कशाला? तो ऐकत नाही ना तुझं?"

"ऐकत नाही असं नाही म्हटलं, आई. उत्तर देत नाही म्हटलं. ऐकतो एवढी तरी खात्री नसती, तर इतकी भांडले असते का?"

त्या पुन्हा चालू लागल्या. न्हिरा एबोच्या खांद्यावर झोपली होती. तो तिचे पाय धरून चालत होता.

"शाळेत उद्या मीही येतो," तो हळूच म्हणाला. आईला ऐकू जाईल इतकंच हळू.

"जा," त्या मागे न बघता म्हणाल्या. "घाला शाळेत. पण मी मागणं सोडणार नाही, सांगून ठेवते."

"मी तरी कुठे सोडतेय," मी म्हणाले.